दूरस्थ टर्मिनल-प्रवेश, युनिक्स प्रणालीतील

दूरस्थ टर्मिनल-प्रवेश, युनिक्स प्रणालीतील : एका ठिकाणी असलेल्या संगणकावर दुसऱ्या ठिकाणच्या कळफलकावरून व पडद्यावरून, जणू त्या यंत्रापुढेच बसून, काम करण्याची सोय. ही सोय पुरविणारी आज्ञावली मूळ संगणकावर अखंड चालू असते. ती बाहेरून येणाऱ्या विनंतीची वाट पाहते, विनंती करणाऱ्याची ओळख पटवून घेते आणि त्यानंतरच आज्ञा स्वीकारणारे कवच, म्हणजे शेल, त्याच्या हाती देते. व्यवहारात या आज्ञावलीस सर्व्हर व तिच्याकडे विनंती करणाऱ्या आज्ञावलीस क्लायंट म्हणतात. लिनक्स, बीएसडी इ. युनिक्ससदृश प्रणालींत या कामासाठी सध्या बहुतेक सर्वत्र ओपनएसएसएच ही आज्ञावली वापरली जाते.

या सोयीची निकड मोठ्या शहरांपेक्षा तालुक्याच्या ठिकाणी अधिक भासते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येतील. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाल्यानंतरही हे दोन्ही डोंगराळ तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. शहापूरला जाणारा माणूस कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरतो व तेथून रस्त्याने पुढे जातो. मुरबाडसाठी कल्याणहून रस्त्यानेच जावे लागते. डोळखांब, किन्हवली, धसई किंवा टोकावडे येथील शाळेत, ग्रामपंचायतीत वा आरोग्य केंद्रात ठेवलेले यंत्र बिघडले आणि ते ठाण्याहून दुरुस्त करता आले नाही, तर एका ओळीच्या दुरुस्तीसाठी तंत्रज्ञाचा सबंध दिवस जातो. पावसाळ्यात कधी दोन जातात. त्या अवधीत खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे कामही अडून राहते. यामुळे प्रवेश-सर्व्हरची मांडणी करताना जी चूक शहरात केवळ त्रासदायक ठरते, ती येथे महाग पडते. प्रस्तुत नोंदीत मांडणीच्या क्रमावर जो भर दिला आहे, तो याच कारणाने.

इतिहास : युनिक्स प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी विकसित करण्यास आरंभ केला. त्या काळी संगणकाशी संवाद साधण्याचे साधन म्हणजे दूरमुद्रक यंत्र होते. त्याच्या टेलिटाइप या नावाचे ‘टीटीवाय’ हे संक्षिप्त रूप युनिक्समध्ये आजही टर्मिनलवाचक म्हणून रूढ आहे. तारेने जोडलेल्या प्रत्येक टर्मिनलासाठी ‘गेटी’ नावाची आज्ञावली चालू असे. ती तारेचा वेग ठरवी, नाव विचारी आणि ‘लॉगिन’ या दुसऱ्या आज्ञावलीकडे सूत्रे सोपवी. भारतात १९९० च्या दशकात अनेक बँक-शाखांत युनिक्स वा झेनिक्स चालविणारे एकच यंत्र आणि त्यास जोडलेली पाच-सात टर्मिनले अशी व्यवस्था होती. खातेदारांना पडद्यावर हिरवी अक्षरे दिसत ती याच टर्मिनलांवर.

संगणक जाळ्याने जोडले जाऊ लागल्यावर तारेची जागा जाळ्याने घेतली. टेलनेट या संकेताची पहिली रूपरेषा १९६९ मध्ये मांडली गेली व त्याचे प्रमाण रूप १९८३ मध्ये निश्चित झाले. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीबरोबर आरलॉगिन ही सोय आली. तीत ठरावीक यंत्रांवरून येणाऱ्या माणसास परवलीचा शब्द न विचारताच आत घेतले जाई. दोहोंतही मजकूर उघडा जात असल्याने जाळ्यावर मध्येच कान लावून बसलेल्यास परवलीचा शब्द सहज वाचता येई. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने यंत्रायंत्रांतील अशा आंधळ्या विश्वासाचाही फायदा घेतला.

फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर तेथील संशोधक तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये सिक्युअर शेल, संक्षेपाने एसएसएच, ही पद्धती तयार केली. फाइल-वहनासाठी २१ व टेलनेटसाठी २३ हे पोर्ट-क्रमांक आधीच दिलेले होते. मधला २२ हा क्रमांक यलोनेन यांनी मागून घेतला व तोच रूढ झाला. पुढे मूळ आज्ञावलीच्या परवान्यावर निर्बंध आल्यामुळे ओपनबीएसडी गटाने तिच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच सिद्ध केली व डिसेंबर १९९९ मध्ये ती प्रसृत केली. पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीस जानेवारी २००६ मध्ये प्रमाण रूप मिळाले. पहिली आवृत्ती ओपनएसएसएचमधून २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली.

एसएसएचचा जन्म झाला त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्यातील स्वस्त प्रकारास शेल खाते म्हणत. ग्राहक मोडेमने दूरध्वनी लावी आणि निगमाच्या युनिक्स यंत्रावर टर्मिनलाच्या रूपाने प्रवेश करी. पत्रे व पाने केवळ अक्षरांत दिसत, चित्रे दिसत नसत. मुंबईबाहेरच्या गावांहून यासाठी एसटीडीचा खर्च सोसावा लागे. महाराष्ट्रातील एका पिढीची युनिक्सशी पहिली ओळख या खात्यांनी करून दिली, ही गोष्ट आता बहुधा विस्मरणात गेली आहे.

कार्यपद्धती : क्लायंटने २२ क्रमांकाच्या पोर्टाशी जोडणी केल्यावर दोन्ही बाजू प्रथम आपापली आवृत्ती सांगतात. नंतर डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, उघड्या जाळ्यावर बोलूनही तिसऱ्यास कळणार नाही असे एक सामाईक गुपित त्या सिद्ध करतात व पुढील सर्व मजकूर त्या गुपिताच्या आधारे कूटबद्ध होतो. सर्व्हर आपल्या यजमान-किल्लीने सही करून स्वतःची ओळख पटवितो. ग्राहकाची ओळख त्यानंतर विचारली जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे : समोरचे यंत्र खरे की तोतया, याचा निकाल लागण्यापूर्वी परवलीचा शब्द पाठविला जात नाही. ओळख पटली की सर्व्हर आभासी टर्मिनल निर्माण करतो व त्यावर शेल सुरू करतो. शेलच्या दृष्टीने पाहता पूर्वीचा दूरमुद्रक आणि हे आभासी टर्मिनल यांत भेद नाही.

ग्राहकाची ओळख परवलीच्या शब्दाने किंवा किल्ल्यांच्या जोडीने पटविता येते. जोडीतील खासगी किल्ली ग्राहकाच्या संगणकावरच राहते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात. नावाने ती किल्ली असली, तरी तिचे काम कुलपाचे आहे. कुलूप कोणाच्याही हाती पडले तरी बिघडत नाही. परवलीचा शब्द वारंवार अंदाज करून ओळखता येतो आणि इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर असे प्रयत्न स्वयंचलित आज्ञावल्या रात्रंदिवस करीत असतात. खासगी किल्ली अशी ओळखणे व्यवहारतः अशक्य असते.

मांडणी : डेबियन व उबुंटू प्रणालींत ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हा संच बसविल्यावर सेवा आपोआप सुरू होते व तिचे नाव ‘एसएसएच’ असते, रेड हॅट घराण्यात ते ‘एसएसएचडी’ असे आहे. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सेवा स्वतःहून उठेल अशी नोंद ‘सिस्टिमसीटीएल एनेबल’ या आज्ञेने झाली आहे की नाही, हे पाहून घ्यावे. मांडणीची फाइल ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘एसएसएच’ या उपनिर्देशिकेत असून तिचे नाव ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ आहे. शेजारीच ‘एसएसएच_कॉन्फिग’ नावाची फाइल असते. ती क्लायंटची होय. एका ‘डी’च्या फरकाने नवशिके तासन् तास चुकीच्या फाइलीत बदल करीत बसतात. फाइलीतील शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात; येथे त्यांचा केवळ उच्चार दिला आहे.

प्रथम ग्राहकाच्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेने ईडी२५५१९ प्रकारची किल्ल्यांची जोडी तयार करावी आणि खासगी किल्लीस स्वतंत्र परवलीचे वाक्य द्यावे. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील आपल्या घर-निर्देशिकेत ‘.एसएसएच’ या उपनिर्देशिकेतील ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलीत जाते. ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही आज्ञा ते काम करते. उपनिर्देशिकेचे अधिकार ७०० व फाइलीचे ६०० असावेत. घर-निर्देशिकेत इतरांना लिहिण्याची मुभा असली, तर सर्व्हर किल्ली मान्य करीत नाही आणि त्याचे कारणही ग्राहकास सांगत नाही. ते सर्व्हरवरील नोंदींतच सापडते. किल्लीने प्रवेश होतो हे स्वतः पाहिल्यानंतरच पुढील बदल करावेत. हा क्रम उलटल्यास परवलीचा शब्द बंद आणि किल्ली अमान्य, अशी स्थिती होऊन शहापूरची फेरी अटळ ठरते.

त्यानंतर ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ व ‘केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन’ या दोन्ही शब्दांपुढे ‘नो’ लिहावे. पहिलाच बंद केला व दुसरा चालू राहिला, तर परवलीचा शब्द मागील दाराने पुन्हा चालू राहू शकतो. ‘पर्मिटरूटलॉगिन’ या शब्दाचे मूळ मूल्य २०१५ पासून परवलीच्या शब्दाने रूट खात्यास मज्जाव करणारे आहे. ते सरळ ‘नो’ करून साध्या खात्याने आत यावे व गरजेपुरते ‘सुडो’ वापरावे, हे चांगले. कारण मग कोणी काय केले हे नोंदींत माणसागणिक दिसते. ‘अलाऊयूजर्स’ या शब्दापुढे प्रवेशास पात्र असलेल्यांची नावे लिहिली, की बाकी सर्व खाती बाहेर राहतात. अर्थात त्या यादीत स्वतःचे नाव लिहिण्यास विसरू नये.

या फाइलीचा एक नियम पुष्कळांना चकवतो. एकच शब्द दोनदा आला असता येथे प्रथम आलेले मूल्य ग्राह्य धरले जाते, नंतरचे नव्हे. डेबियन व उबुंटूच्या अलीकडील आवृत्त्यांत मुख्य फाइलीच्या आरंभीच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या निर्देशिकेतील फाइली समाविष्ट होतात. भाड्याने घेतलेल्या मेघ-यंत्रांवर त्या निर्देशिकेत परवलीचा शब्द चालू ठेवणारी फाइल कित्येकदा आधीच ठेवलेली असते. मुख्य फाइलीत ‘नो’ लिहून प्रशासक निश्चिंत होतो, पण सर्व्हर ‘येस’च मानीत असतो. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नये. ‘एसएसएचडी’ या आज्ञेस मोठ्या लिपीतील ‘टी’ हा पर्याय दिला असता सर्व्हर प्रत्यक्षात कोणती मूल्ये वापरणार आहे याची पूर्ण यादी मिळते. छोट्या लिपीतील ‘टी’ने केवळ लेखनातील चुका तपासल्या जातात. दोन्ही तपासण्या झाल्यावर सेवेस फाइल पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी. चालू असलेली जोडणी त्याने तुटत नाही. ती तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश करून पाहावा आणि तो यशस्वी झाला तरच पहिली जोडणी सोडावी.

अग्निभिंत चालू करण्यापूर्वी तीत २२ क्रमांकाचे पोर्ट मोकळे करावे. आधी भिंत व मग दार असा उफराटा क्रम अनेकांस भोवला आहे. पोर्ट-क्रमांकच बदलून टाकण्याचा सल्ला बराच प्रचलित आहे. त्यामुळे निरर्थक प्रयत्नांच्या नोंदी कमी होतात हे खरे. परंतु सुरक्षितता त्याने फारशी वाढत नाही, आणि रेड हॅट घराण्यात एसईलिनक्सला, तर उबुंटूच्या २२.१० पासूनच्या आवृत्त्यांत सिस्टिमडीच्या सॉकेटला हा बदल वेगळा कळवावा लागतो. दूरच्या यंत्रावर हा उपद्व्याप न केलेला बरा.

यंत्र तालुक्यास पाठविण्यापूर्वी दोन कामे उरकावीत. सर्व्हरच्या यजमान-किल्लीचा ठसा कागदावर उतरवून घ्यावा, म्हणजे पहिल्या जोडणीच्या वेळी पडद्यावर जो ठसा दिसतो तो त्याच्याशी ताडून पाहता येतो. बहुतेक जण तेथे न वाचताच ‘येस’ लिहितात आणि तोतया यंत्र ओळखण्याची एकमेव संधी गमावतात. दुसरे म्हणजे, वीज गेली व आली तर यंत्र स्वतःहून सुरू होईल अशी योजना त्याच्या मूळ मांडणीत करून, वीज तोडून ती एकदा पडताळावी. संपूर्ण तबकडी कूटबद्ध केलेली असल्यास यंत्र सुरू होताना परवलीचे वाक्य मागत थांबते व तोवर एसएसएच सेवाही उठत नाही, हे अनेकांच्या लक्षात पहिल्या वादळी रात्रीनंतरच येते.

सार्वजनिक पत्ता नसलेली यंत्रे : ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मान्यता दिली व २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. तरीही डोंगराळ भागात पुष्कळ यंत्रे मोबाइल जोडणीवरच चालतात. अशा जोडणीत सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतो; या वाटपासाठी १००.६४ ने सुरू होणारा पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. ग्राहकाच्या यंत्रावरून बाहेर जाता येते, परंतु बाहेरून त्या यंत्रावर येता येत नाही. सर्व्हर कितीही नीट मांडला, तरी ठाण्याहून लावलेली जोडणी मुरबाडच्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

यावर उपाय म्हणजे उलटा बोगदा. मुरबाडचे यंत्र स्वतः क्लायंट बनून, स्थिर सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या मध्यस्थ यंत्राशी जोडणी करते व तेथील एक पोर्ट, समजा २२०१, आपल्या २२ क्रमांकाच्या पोर्टाशी जोडून देते. तंत्रज्ञ मध्यस्थावर येतो व त्या पोर्टातून पलीकडे मुरबाडला पोहोचतो. ही जोडणी माणसाविना टिकून राहावी यासाठी काही गोष्टी आवश्यक असतात. क्लायंटकडे ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ३० सेकंद व ‘सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स’ ३ ठेवल्यास मेलेली जोडणी दीड मिनिटाच्या सुमारास ओळखली जाते. ‘एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर’ ‘येस’ असल्यास पोर्ट न मिळता नुसतीच जोडणी लोंबकळत राहत नाही. सिस्टिमडीला ही सेवा पडली की पुन्हा उठविण्यास सांगावे. मध्यस्थावरही ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल’ दिलेले असावे. ते नसेल तर तुटलेल्या जुन्या जोडणीने पोर्ट अडवून धरलेले राहते व नवी जोडणी निष्फळ होते.

बोगद्याची किल्ली तालुक्याच्या यंत्रावर परवलीच्या वाक्याविना ठेवावी लागते, आणि ते यंत्र चोरीस जाऊ शकते. म्हणून मध्यस्थावरील ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलीत त्या किल्लीपुढे ‘रिस्ट्रिक्ट’, ‘पोर्ट-फॉरवर्डिंग’ व विशिष्ट पोर्टापुरते ‘पर्मिटलिसन’ हे निर्बंध लिहावेत. चोरास मिळणारा वाव त्यामुळे कमी होतो. वारंवार चुकणाऱ्या पत्त्यास काही काळ बंदी घालणारी फेल२बॅन ही आज्ञावली किंवा ओपनएसएसएचमध्ये २०२४ साली आलेली तशीच अंगभूत सोय वापरताना हेही ध्यानात ठेवावे, की वाटून घेतलेल्या पत्त्यामागे आपलेच दुसरे कार्यालय असू शकते.

क्षीण जोडणीवर प्रत्येक अक्षर पलीकडे जाऊन परत येईपर्यंत पडद्यावर उमटत नाही व काम करणे कठीण होते. यासाठी मॅसॅच्यूसेट्स तंत्रसंस्थेत विकसित होऊन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली मॉश ही आज्ञावली उपयुक्त आहे. ती अक्षर आधी दाखविते व मग पडताळते, तसेच जोडणीचा पत्ता बदलला तरी काम तुटू देत नाही. मात्र तिला सर्व्हरकडे थेट पोहोचणारा यूडीपी मार्ग लागत असल्याने ती उलट्या बोगद्यातून चालत नाही. तेथे टीमक्सवर भागवावे : जोडणी तुटली तरी चालू काम सर्व्हरवर जिवंत राहते व पुन्हा आल्यावर जेथे सोडले तेथून हाती घेता येते.

धोके व नोंदी : सर्व्हर निर्दोष मांडला तरी त्याची आज्ञावलीच दूषित असू शकते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-संग्रहात लपविलेले चोरदार उघडकीस आले. काही लिनक्स वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांत ते एसएसएच सर्व्हरपर्यंत पोहोचत होते. प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या लक्षणावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते शोधून काढले. त्याच वर्षी जुलैत सर्व्हरमधील ‘लॉगिनग्रेसटाइम’ या मुदतीशी निगडित असलेला वेगळा दोष जाहीर झाला. सुरक्षा-सुधारणा आपोआप बसविण्याची सोय चालू ठेवणे, हा दूरच्या यंत्रासाठी त्यातल्या त्यात कमी जोखमीचा मार्ग होय.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद चमूने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळवावी लागतात व ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. अनधिकृत प्रवेश हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ४३ व ६६ खाली येतो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा आहेत.

देवनागरी : टर्मिनलाचा पडदा समान रुंदीच्या चौकटींचा असतो व ही कल्पना रोमन लिपीस सोयीची आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) जिस्ट तंत्रावर आधारलेली टर्मिनले तयार केली होती. ती युनिक्स यंत्रास नेहमीच्या टर्मिनलाप्रमाणे जोडता येत व त्यांवर भारतीय लिप्यांत काम होई. पुढे युनिकोडचा प्रसार झाल्यावर खास यंत्रांची गरज उरली नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व सर्व्हर ते आहे तसे वाहून नेतो. त्याला फक्त क्लायंटकडून आलेली भाषा-चले स्वीकारण्यास ‘अ‍ॅक्सेप्टएन्व्ह’ या शब्दाने सांगावे लागते आणि सर्व्हरवर ‘एमआर_आयएन’ हा मराठीचा संच तयार करावा लागतो. तेवढ्याने मराठी नावांच्या फाइली वाचता येतात. जोडाक्षरे व वेलांट्या मात्र पुष्कळ टर्मिनल-आज्ञावल्यांत अजूनही विस्कटतात, कारण एका अक्षराने किती चौकटी व्यापाव्यात याविषयी क्लायंट व सर्व्हर यांचा हिशेब जुळत नाही. अशा वेळी ओळ पुसताना अर्धे अक्षर मागे राहते व धावक भलत्याच जागी जातो.